लाखाला तिनानं भाग जात नाही

वयाच्या तेराव्या वर्षी मी एका लाखाला एकशेवीसनं भागलं आणि त्यात एका बाईचं घर गेलं. भागाकार बरोबर होता. आठशे तेहेतीस, बाकी चाळीस. कुणाला शंका असेल तर कागद घेऊन बसावं, मी थांबते. माझी नातवंडं शेजारच्यांना बोलावून आणतात, आमच्या आजीला काहीही विचारा म्हणतात, आणि आजी डोळे मिटून तोंडी उत्तरं देते. ही आजी तेव्हा काय करून बसली होती ते मी त्यांना कधी सांगितलेलं नाही. इथं लिहून ठेवते. वाचतील तेव्हा वाचतील.

तेव्हाची मी म्हणजे एक नमुना होते. लुगडं माझ्याहून मोठं, नाक सदा वाहतं, भाकरी थापली की तिला चार कोपरे यायचे. पण मिजास अशी, की निजामाच्या दरबारात माझ्यासाठी खुर्ची मांडून ठेवली असावी. मिजास कशाची, तर पाढ्यांची. माझे वडील हिंगोलीच्या बाजारात धान्याच्या अडतीवर मापारी होते. दिवसभर ज्वारीच्या राशीपुढं बसून माप भरायचं, ओतायचं आणि मोठ्यानं आकडा म्हणायचा. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. मग दोन, तीन, चार. मुलगा नव्हता, शाळा मुलांची आणि तीही उर्दूची, म्हणून वडिलांनी त्यांच्याजवळचं सगळं मला दिलं. तिसापर्यंतचे पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. हे संपलं तेव्हा त्यांनी मला लाख दिला.

लाख दिला म्हणजे तो आकडा खेळायला दिला. राशीवरून जमिनीवर सांडलेल्या फुफाट्यात बोटानं एकावर पाच शून्यं काढली आणि म्हणाले, ह्याला फोडून दाखव. मी दहा हजार दाहे केले. ते म्हणाले, ते तर कुणीही करील. असे दोन तुकडे कर की दोन्हींच्या शेवटी शून्य नको. मी चार दिवस झगडले. शेवटी त्यांनीच सांगितलं, बत्तीस एका बाजूला आणि तीन हजार एकशेपंचवीस दुसऱ्या बाजूला. ही एकच जोडी आहे, दुसरी नाही. कारण लाखाच्या पोटात दोन आणि पाच यांच्याखेरीज कुणीच राहत नाही. पाच दोन आहेत आणि पाच पाच आहेत. दोनाला पाच भेटला की शून्य होणार, म्हणून सगळे दोन इकडं आणि सगळे पाच तिकडं बसवायचे. बायकांची पंगत वेगळी आणि पुरुषांची वेगळी, असं मी तेव्हा मनात म्हटल्याचं आठवतं. लाखाला निःशेष भागणारे आकडे छत्तीस आहेत. ते मला तोंडपाठ होते आणि कुणी विचारलं नाही तरी मी म्हणून दाखवायची.

तिनाचं मात्र लाखाशी अजिबात जमत नाही. एकावर कितीही शून्यं लावली तरी अंकांची बेरीज एकच राहते, आणि तिनानं भाग घातला की शेवटी एक उरतो. वडील म्हणायचे, तिघे भाऊ लाख दाणे वाटून घ्यायला बसले तर एक दाणा उरणार आणि त्या दाण्यावरून भांडण होणार. मला ते फार आवडायचं. एवढा दांडगा आकडा आणि तिनापुढं अडतो.

अशी ही शहाणी लग्न होऊन औंढ्याच्या वाटेवरच्या एका गावात गेली. शिरड शहापूर तिथून चालत जाण्याजोगं. काळी जमीन, कापूस, ज्वारी, तूर. घरात सासरे, त्यांना आम्ही मामंजी म्हणायचो. सासू म्हणजे आत्याबाई. थोरले दीर, त्यांची बायको, आणि माझा नवरा, ज्याला तेव्हा माझ्यापेक्षा बैलांत जास्त गोडी होती. थोरल्या जावेला मी अक्का म्हणायची. तिच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं.

अक्का रुंद हातांची बाई. माझ्या चौकोनी भाकरीचे कोपरे मोडून स्वतःच्या ताटात घ्यायची आणि वर आत्याबाईंना सांगायची की धाकटीच्या हाताला चव हाय. माझे केस विंचरताना ती मला पाढे म्हणायला लावी आणि ऐकताना हसायची, का हसायची ते मला कळत नसे. तिला स्वतःला विसाच्या पुढं मोजता यायचं नाही. वीस झाले की एक खडा ठेवायची आणि पुन्हा एकपासून सुरू. मला तिची कीव यायची. हे शब्द लिहिताना मला माझाच कान धरावासा वाटतो.

त्या वर्षी सेनगावकडची एक मुलगी थोरल्या दिरांसाठी पाहून ठेवली होती. घरात कुणी हे लपवलं नव्हतं, अक्कापासूनही नाही. मुलीला पाहायला जाताना आत्याबाईंनी जी साडी नेसली तिची घडी अक्कानंच मोडून दिली होती. आत्याबाई परतल्यावर अक्का त्यांच्या पाया पडली आणि म्हणाली, एक डाव मला लाखवाती करू द्या. लाखवाती म्हणजे घरच्या कापसाच्या एक लाख फुलवाती स्वतःच्या हातानं वळायच्या आणि कार्तिकातल्या त्रिपुरी पुनवेला औंढ्याच्या नागनाथापुढं एकदम पेटवायच्या. आषाढी पुनवेला सुरुवात, कार्तिकी पुनवेला शेवट. रोज अंघोळ करून, दिवसाच्या वाती पुऱ्या होईपर्यंत पोटात काही न घालता वळायच्या. दुसऱ्याचा हात लावायचा नाही.

आत्याबाईंनी शब्द दिला. लाख पुऱ्या झाल्या तर अक्काला आणखी एक वर्ष, तोवर सेनगावची गोष्ट काढायची नाही. पुऱ्या झाल्या नाहीत तर देवाची मर्जी दिसलीच, मार्गशीर्षात लग्न. मामंजींनीही मान डोलावली. तेव्हा अक्काचं सगळं त्या आकड्यावर होतं. आणि घरात आकडा कळणारं माणूस कोण, तर मी.

आषाढी पुनवेला ओसरीवर पाट मांडला. गावचे भटजी आले. मामंजी, थोरले दीर बाजूला बसले. अक्कानं हातावर पाणी घेऊन रोजच्या वातींचा आकडा बोलायचा आणि पाणी सोडायचं. एकदा बोललेला आकडा मोडायचा नाही, अशी आमच्या घरची रीत. आत्याबाई दाराआडून म्हणाल्या, रोज हजार बोल, समद्या घरात हजारच असतात.

मी पाटी घेऊन तयारच होते. पाटी माहेराहून आणली होती, दुसऱ्या मुली आरसा आणतात तशी. मी म्हटलं, हजार कशाला. चार महिने, तीस दिवसांचा एक, म्हणजे एकशेवीस दिवस. लाखाला एकशेवीसनं भागलं की आठशे तेहेतीस येतात आणि चाळीस उरतात. एकशेवीसात तीन लपलेला आहे म्हणून ते उरतात, हेही मी सांगितलं, भटजींकडं बघून. मग उरलेल्या चाळीसांची सोय केली. पहिले चाळीस दिवस आठशे चौतीस वाती आणि पुढचे ऐंशी दिवस आठशे तेहेतीस. बरोबर लाख. एकही वात कमी नाही, एकही जास्त नाही. अक्काला रोज दीडशेच्या वर वाती कमी वळाव्या लागतील, जेवण लवकर मिळंल. मी तिचं भलंच करत होते, हे माझं म्हणणं आजही आहे. त्यानं काही फरक पडत नाही.

मामंजी खूश झाले. पोरीनं हिशोब बराबर लावला, म्हणाले. आत्याबाई दाराआडून पुन्हा म्हणाल्या, हजारच बरे.

मी विचारलं, "काहून?"

मी थांबले. मामंजीही थांबले, भटजीही थांबले. आत्याबाईंना उत्तर येत नाही याचा मला जो आनंद झाला तो मी कुणाला दाखवला नाही, पण लपवलाही नसावा. मी आणखी एकदा विचारलं, "सांगा ना आत्याबाई, हजार काहून?" मग मामंजींनी हात हलवला आणि अक्कानं पाणी सोडलं. चाळीस दिवस आठशे चौतीस, ऐंशी दिवस आठशे तेहेतीस. तिला आकडे म्हणता येईनात म्हणून मी पुढं म्हणाले आणि तिनं मागं म्हटलं. पाणी सोडताना ती माझ्याकडं बघत होती. मला वाटलं, कौतुकानं.

आता माझ्या अडाणीपणाची गोष्ट सांगितली पाहिजे. घरातल्या बायका अधूनमधून चार दिवस गोठ्याशेजारच्या पडवीत बसायच्या, कुणाला शिवायच्या नाहीत. विचारलं की सांगायचे, कावळा शिवला. मी ते खरं मानलं. तेरा वर्षांची घोडी, लाखाचे छत्तीस भाजक पाठ, आणि कावळा शिवतो हे खरं मानत होते. मला तर वाटायचं की मी चपळ आहे म्हणून मला अजून कावळा शिवलेला नाही. आकाशात कावळा दिसला की मी पळत घरात यायची, आणि आत्याबाई आणि अक्का पदर तोंडाला लावून हसायच्या. कावळा म्हणजे पाऊस-वाऱ्यासारखी गोष्ट, कधी यावं हे त्याच्या मनावर, असं माझं गणित. कावळ्याला भागाकारात कुठं बसवायचं. तो दर महिन्याला येतो हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मोजण्याची एवढी हौस, पण घरातल्या दोन बायका किती दिवसांनी पडवीत जातात हे मी कधी मोजलं नाही. विटाळात देवाच्या वातीला हात लावायचा नसतो हे मात्र मला माहीत होतं. दोन्ही गोष्टी माहीत असून मी त्या एका जागी आणल्या नाहीत.

वाती सुरू झाल्या. अक्का सरकी काढून पिंजलेला कापूस घेऊन बसायची, बोटाला दुधाचं पाणी लावून वात वळायची, दुरडीत टाकायची. विसाला एक खडा. मी समोर बसून तिच्या खड्यांवरून मोजायची, शंभराच्या पुड्या बांधायची आणि पाटीवर मांडायची. मला हात लावायची मुभा मोजण्यापुरती, वळायला नाही. चाळीस दिवस संपले तेव्हा तेहेतीस हजार तीनशेसाठ झाल्या. मी घरभर सांगितलं. अक्का एकही दिवस चुकली नाही, श्रावणात नाही, भादव्यात नाही.

अक्का पडवीत बसत नाही, हे इतरांच्या ध्यानात माझ्याआधी आलं. श्रावणाच्या शेवटी आत्याबाई अक्काच्या हातातून पाण्याची घागर काढून घेऊ लागल्या. भादव्यात तिला सकाळी वाती झाल्यावर दूध मिळू लागलं, तेही साय न काढता. मी विचारलं तेव्हा आत्याबाईंनी माझ्या गालाचा चिमटा घेतला आणि म्हणाल्या, तुझ्या अक्काला दिवस गेलेत, कुणाला बोलू नको, तीन महिने होऊ दे. मी बोलले नाही. पण पाटीच्या कोपऱ्यात एक बारीक बाळ काढलं, त्याला सहा बोटं झाली, मग पुसलं.

मामंजींनी सेनगावला निरोप धाडला की सध्या राहू द्या. थोरले दीर बाजारातून अक्कासाठी केळी घेऊन आले आणि स्वतः तिच्या हातात न देता माझ्या हाती दिली. अक्का कुणाला काही म्हणत नव्हती. दूध पुढं आलं की प्यायची. घागर काढून घेतली की हात मोकळे सोडून उभी राहायची. मला वाटायचं, दिवस गेलेल्या बायका अशाच गप्प होत असतील.

नवरात्रात घरी घट बसले. घटाला रोज पाणी घालायचं काम आत्याबाईंनी यंदा अक्काला दिलं. दसऱ्यापर्यंत पंच्याऐंशी दिवस झाले आणि पाटीवर सत्तर हजार आठशे पंचेचाळीस वाती झाल्या.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओढ्यावर गेले तर अक्का खालच्या अंगाला, लव्हाळ्याआड एकटीच फडकी धूत होती. पाण्यात रक्त होतं. मी घाबरून विचारलं, काय झालं. ती म्हणाली, काही न्हाई, पायाला लागलंय जरा, कुणाला बोलू नको. तिचे दोन्ही पाय पाण्यात होते आणि दोन्ही पायांना काही झालेलं नव्हतं.

मी धावत घरी आले. दिवस गेलेल्या बाईनं रक्त जाऊ देऊ नये एवढं मला ऐकून माहीत होतं. मी अंगणातूनच सांगितलं की अक्काला लई लागलंय, लई रक्त गेलंय, लवकर चला. एवढ्या मोठ्यानं सांगितलं की मामंजी बाहेर आले.

आत्याबाई अनवाणी ओढ्यावर धावल्या. त्यांनी अक्काला धरून आणलं, ओसरीवर निजवलं, स्वतःच्या पदरानं तिचे पाय पुसले. रडत होत्या. मला सुईणीकडं पिटाळलं. सुईण आली तेव्हा आत्याबाईंनी अक्काचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि म्हणत होत्या की गेलं तर गेलं, पुन्हा राहील, एकदा राहिलं म्हणजे पुन्हा राहतं. सुईणीनं अक्काच्या पोटावर हात ठेवला आणि विचारलं, किती महिन्याचं होतं.

अक्कानं तिथं खोटं सांगितलं असतं तर ती वाचली असती. तीन महिन्याचं म्हणाली असती तर सुईण काय शोधणार होती. पोट पडलं म्हणून वाती थांबल्या असत्या, त्याला कुणी दोष दिला नसता, आणि एकदा राहिलं होतं एवढ्यावर तिला चार-पाच वर्षं मिळाली असती. मी कितीदा हा विचार केला आहे. तिच्या डोक्याखाली आत्याबाईंची मांडी होती, म्हणून असेल. ती उठून बसली आणि म्हणाली, "आत्याबाई, पोट न्हवतंच. दर महिन्याला बराबर येऊन राहिलं."

आत्याबाईंनी मांडीवरचा पदर सारखा केला.

"आणि वाती?"

"वळल्या."

"त्या हातानं?"

"व्हय."

"घटाला पाणी घातलंस?"

सुईण उठली आणि पायरीवर जाऊन बसली. आत्याबाई ओरडल्या नाहीत. मी त्यांना त्या दिवशी ओरडताना पाहिलं असतं तर बरं वाटलं असतं. त्या उठल्या, अंगावर पाणी घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "ते दूध ठेवलंय ते कुत्र्याला घाल."

वाती विटाळल्या होत्या. देवापुढं नेता येईनात, नदीत सोडता येईनात, कुणाच्या दिव्याला देता येईनात. न्हाणीतल्या चुलीत, पाणी तापवायच्या हंड्याखाली त्या घालायच्या ठरल्या आणि ते काम मला दिलं, कारण सगळ्या पुड्या मीच बांधल्या होत्या. मी एकेक पुडी चुलीत टाकत गेले. कापूस भसकन पेटतो आणि लगेच संपतो. सत्तर हजार आठशे पंचेचाळीस. टाकताना माझ्या डोक्यात आपोआप अंकांची बेरीज झाली. सात, आठ, चार, पाच, चोवीस. ह्याला तिनानं भाग जातो. तेवीस हजार सहाशे पंधरा, बाकी काही नाही. माणसाचं डोकं असंच असतं, अक्का पडवीत एकटी बसली होती आणि मी हे करत होते. सगळ्या वाती संपल्यावर हंड्यात हात घातला तर पाणी कोमटसुद्धा झालं नव्हतं.

मार्गशीर्षात सेनगावची मुलगी घरात आली. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, गोरी, भित्री. अक्कानं तिची ओटी भरली, तिला चुलीपुढची जागा दिली, स्वतः ज्वारी निवडायला मागच्या दारी बसू लागली. थोरले दीर आता मागच्या दारानं येत-जात नसत. आत्याबाई अक्काशी कामापुरतं बोलत. माझे केस विंचरायचे अक्कानं सोडले नाहीत, पण पाढे म्हण असं ती पुन्हा कधी म्हणाली नाही, आणि मीही आपणहून म्हणाले नाही. पाटी मी कपाटामागं ढकलून दिली होती.

चैत्रात मला कावळा शिवला. मी ओरडत आत्याबाईंकडं गेले, मला कुठंतरी लागलंय म्हणून. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग कपाळावर हात मारला आणि पडवीकडं बोट केलं. पडवीत अक्का आधीच बसली होती. तिचा दुसरा दिवस होता. तिनं मला कांबळ्यावर जागा दिली आणि दोन वाक्यांत सगळं सांगितलं, कावळा कसला ते, किती दिवस ते, आणि किती दिवसांनी पुन्हा ते. मला हसू येईल म्हणून तिनं वाट पाहिली असावी. मला हसू आलं नाही. मी मोजू लागले होते.

जमिनीवर कोळशानं लिहीत गेले. आषाढी पुनव ते कार्तिकी पुनव, चार महिने. तिथी धरून महिना तीस दिवसांचा भरत नाही, साडेएकोणतीसच्या आसपास होतो, हे मला ह्या घरी पंचांग बघून कळलं होतं. म्हणजे दिवस एकशेअठरा. चार महिन्यांत चार वेळा, चार-चार दिवस, सोळा. एकशेअठरातून सोळा गेले, एकशेदोन. रोज हजार वाती, लाखाला शंभर दिवस. दोन दिवस वर, कुणाला ताप आला, घरी सोयर-सुतक आलं, तर त्यासाठी. हजार त्यासाठी होते. कुठल्यातरी म्हातारीनं, जिला विसाच्या पुढं मोजता येत नसेल, कित्येक पिढ्यांआधी हे बसवून ठेवलं होतं आणि एका बाईनं दुसरीला नुसतं हजार एवढंच सांगितलं होतं. दाराआडून आत्याबाई तेच सांगत होत्या. मामंजींसमोर आणि भटजींसमोर त्या मला काय सांगणार होत्या. मी दोनदा विचारलं होतं, काहून.

अक्का माझ्या कोळशाकडं बघत होती. तिला आकडे वाचता येत नव्हते, पण मी काय लिहीत आहे ते तिला कळलं असावं. मी पुसायला गेले तर तिनं हात धरला.

मी तिला विचारलं, "तुमाला तर ठाऊक होतं अक्का. मला न्हवतं, तुमाला होतं. पाणी सोडायच्या आधी मला चिमटा काढायचा. तुमी गप काहून बसल्या?"

अक्कानं हात सोडला. पलीकडून सेनगावच्या मुलीनं दोन भाकऱ्या लांबून पत्रावळीवर टाकल्या आणि ती पळून गेली. अक्कानं एक भाकरी मोडून मला दिली आणि खाता खाता म्हणाली:

"तू पाटीवर लिहिलंस तवा मी पाहून राहिले होते गं. तू समदे दिवस वातींचे बोललीस, माझे बसायचे दिवस त्यातून वगळले न्हवते. मला वाटलं, पोरीला लिवता-वाचता येतं, तिच्या गणितात दिसत असंल. यंदा ते दिवस येणारच न्हाईत, म्हणून तिनं धरले न्हाईत. श्रावणात आले, तवाबी म्या म्हटलं, पाटीचा महिना मागंपुढं झाला असंल."